राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची शाळेतील तपासणी : एका पालकाचा अभिप्राय

माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत शिकते. शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य या नात्याने सलग तीन वर्षे तपासणीच्या दिवशी मी शाळेत हजर होतो, त्यामुळे हा अभिप्राय ऐकीव नाही. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींमधील जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातील विलंब शोधला जातो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येते आणि पालकांना एक रुपयाही द्यावा लागत नाही.

पथकाच्या कामाला मी पूर्ण गुण देईन. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलाला डॉक्टरांनी पाठमोरे उभे करून हळू आवाजात नाव विचारले, तेव्हा तो नुसताच भिंतीकडे बघत राहिला. वर्गात ‘लक्ष देत नाही’ म्हणून रोज बोलणी खाणाऱ्या त्या मुलाचा कान कित्येक महिने फुटलेला होता. त्याला लगेच पुढील उपचारासाठी चिठ्ठी मिळाली. अडचण त्यानंतर सुरू झाली. ज्या रुग्णालयात पाठवले, तेथे कानाचे डॉक्टर नेमके कोणत्या वारी बसतात हे चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडाली आणि तिसऱ्या खेपेला ते गेलेच नाहीत. पुढे मुख्याध्यापक बाईंनी अशा चिठ्ठ्यांसाठी वेगळी वही घातली, आधी फोन करून वार विचारला आणि समितीतील एका सदस्याला सोबत पाठवले, तेव्हा कुठे उपचार सुरू झाले.

लोहाच्या गोळ्यांचेही तेच. सहावीपासून पुढच्या मुलांना आठवड्याला एक निळी गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. आमच्याकडे ती सकाळी परिपाठानंतर, म्हणजे बहुतेकांना उपाशीपोटी, दिली जात असे. मुलांना मळमळायचे. एकदा मागच्या खिडकीखाली झाडताना मदतनीस मावशींना चिखलात विरघळलेल्या गोळ्यांचे निळे ओघळ दिसले, तेव्हा कारण कळले. आता खिचडी खाऊन झाल्यावर गोळी दिली जाते आणि गुरुजी स्वतः मुलांसमोर एक घेतात. तेव्हापासून तक्रार जवळजवळ नाही.

२०२० मध्ये आलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमानुसार प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी आरोग्यदूत म्हणून आहार, मानसिक स्वास्थ्य, व्यसनमुक्ती अशा अकरा विषयांवर दर आठवड्याला तास घ्यावा, अशी अपेक्षा आहे. कल्पना चांगली आहे, पण आमच्याकडे त्यातले निम्मे तास गणिताच्या राहिलेल्या भागातच जातात. शिवाय फळ्यावर समतोल आहार आणि फाटकाबाहेर पाच रुपयांच्या तिखट-मीठ पुड्या, असा प्रकार होता. शाळेपासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकू नयेत, हा नियम दुकानदाराला समितीनेच जाऊन सांगितला. त्याने पुड्या आत ठेवल्या, पण पूर्ण बंद केल्या असे म्हणता येणार नाही. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी चिक्की वाटायची, हे मात्र सर्वांनी आनंदाने मान्य केले.

एक गोष्ट कोणत्याच तपासणीत येत नाही. आमच्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे पथकातील परिचारिका ताईंनी त्यांच्याशी गप्पा मारताना ओळखले. कारण विचारले तेव्हा कळले की, मुलींच्या शौचालयाची कडी तुटली होती आणि एकीने दार धरून उभे राहिल्याशिवाय दुसरीला आत जाता येत नव्हते. तपासणी कार्डावर कडीसाठी रकाना नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत आम्ही तो विषय पहिल्या क्रमांकावर घेतला आणि दुसऱ्या दिवशी कडी बसली.

तपासणीसाठी पाचपैकी साडेचार, चिठ्ठीनंतरच्या सोयीसाठी दोन. पालकांना एवढेच सुचवेन की, तपासणीची तारीख शाळेकडून आधी विचारून घ्यावी, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि चिठ्ठी मिळालीच तर डॉक्टर कोणत्या वारी असतात हे पथक निघण्यापूर्वीच विचारून तिच्या मागे लिहून घ्यावे.