बडोद्यात छापून घेतलेली क्रोएशियाची जर्सी : चार नंबर, चंद्रासकट

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालक आमच्या सौ.च्या भिशीतल्या मैत्रिणीचा दीर लागतो आणि त्या घरचा चहा मला पुढेही प्यायचाय. रावपुऱ्यात टॉवरजवळच्या एका गल्लीत, अंधारा जिना चढून पहिल्या मजल्यावर, एवढ्या खुणेवर ज्याला ओळखायचं तो ओळखेल. क्रिकेटच्या टीमचे ड्रेस, गरब्याच्या ग्रुपचे टी-शर्ट, गणपती मंडळाचे झब्बे असं सगळं तिथे छापून मिळतं.

मुलीच्या वाढदिवसाला क्रोएशियाच्या फुटबॉल संघाची लाल-पांढऱ्या चौकटींची जर्सी छापून घ्यायची होती. मागे ४ नंबर आणि वर इगोर स्टिमॅकचं नाव. आपल्याकडे सगळे स्टिमॅक म्हणतात, खरा उच्चार ‘श्तिमात्स’च्या जवळ जातो, कारण त्यांच्याकडे शेवटच्या ‘सी’चा उच्चार ‘त्स’ होतो आणि सुरुवातीच्या ‘एस’वर त्याचा ‘श’ करणारं एक छोटं चिन्ह असतं. आपल्या ‘ऑफिस’मधल्या ‘ऑ’वर चंद्र असतो ना, साधारण तसंच, फक्त टोकदार.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, आ कोण छे? मोड्रिच लखावो ने, बधा ए ज लखावे छे.” मोड्रिच म्हणजे क्रोएशियाचा सगळ्यात गाजलेला खेळाडू. मी म्हटलं, अरे, पाच वर्षं आपल्या इंडियाचा कोच होता. तर म्हणे, “कोचनुं नाम जर्सी पर कोण लखावे?” प्रश्न बरोबर होता. मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत असताना त्याचं उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून इथे देतो.

७ जुलै २०१९, रविवार. इंटरकॉन्टिनेंटल कपसाठी भारताचा सामना अहमदाबादला होता, ताजिकिस्तानशी. लेक तेव्हा आठवीत. बडोद्याहून गाडीने मणिनगरला उतरलो आणि कांकरियाजवळच्या स्टेडियममध्ये जाऊन बसलो. स्टिमॅक मे महिन्यातच कोच झाला होता. मध्यंतरापर्यंत छेत्रीच्या दोन गोलांवर आपण २-० पुढे, लेक खुर्चीवर उभी. दुसऱ्या अर्धात चार खाल्ले. ४-२. ती शाळेच्या टीममध्ये स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, म्हणून खेळायची, त्यामुळे प्रत्येक गोल जणू तिच्याच पायांमधून गेला. परतीच्या गाडीत तोंड फुगवून बसली होती : “बाबा, या कोचला डिफेन्स कळतो तरी का?”

तिला म्हटलं, बाई, तो स्वतः स्टॉपर होता. १९८७ मध्ये चिलीत वीस वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप जिंकलेल्या युगोस्लाव्हियाच्या (क्रोएशिया तेव्हा त्यातच होता) संघात होता, शुकर, बोबान, प्रोसिनेच्की या पुढे गाजलेल्या खेळाडूंबरोबर. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये क्रोएशिया पहिल्यांदाच उतरला आणि तिसरा आला, त्या संघात ४ नंबर याच्याच पाठीवर. पण तिला पटली ती डर्बी काउंटी या इंग्लिश क्लबची गोष्ट. १९९५ च्या हिवाळ्यात हा तिथे गेला. पहिलाच सामना ५-१ ने हरले, त्यातला एकुलता एक गोल याचा. आणि त्यानंतर लागोपाठ वीस सामने डर्बी हरलीच नाही, मोसमाअखेर प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, चढली. आणंद येईपर्यंत लेक बोलायला लागली होती.

तेव्हापासून तो आमच्या घरचा झाला, म्हणजे त्याला घरच्या माणसासारख्या शिव्या बसायला लागल्या. दोहाला तेव्हाच्या आशियाई विजेत्या कतारशी ०-० झालं त्या रात्री कौतुक. २०२३ मध्ये भुवनेश्वर आणि बंगळुरू दोन्हीकडे कप जिंकले, क्रमवारीत आपण ९९ वर पोचलो, तेव्हा तर पेढे. त्याच बंगळुरूत पाकिस्तानच्या खेळाडूच्या हातातला बॉल थ्रो-इनच्या वेळी बाहेरून उडवला आणि रेड कार्ड घेतलं. लेक अजून घरात ती नक्कल करते. परवा माझ्या हातातला पोळ्यांचा डबा असाच गेला. मग जानेवारी २०२४ चा एशियन कप : तीन सामने, तीन हार, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२, हे मात्र मी अजून माफ केलेलं नाही. जूनमध्ये दोहाला कतारचा तो गोल, बॉल रेषेबाहेर जाऊन आलेला असताना दिलेला, आणि १७ जूनला साहेबांची सुट्टी. माझं मत विचाराल तर खेळाडू म्हणून दहापैकी आठ, कोच म्हणून पाच. लेक सहा देते. आता ती कॉलेजच्या टीममध्ये ४ नंबरच घालते.

तर जर्सी. सांगितले सहा दिवस, लागले अकरा. कापड डॉट निट, वजनाला हलकं, घाम बरा शोषतं. चौकटी सब्लिमेशनच्या आहेत, म्हणजे रंग थेट धाग्यात उतरलेला. लाल अजून लालच आहे, पांढऱ्यावर फुटलेला नाही. याला पैकीच्या पैकी. शिवण मात्र घाईची. डाव्या कुशीला लाल चौकट लाल चौकटीलाच येऊन भिडली आहे, बुद्धिबळाच्या पटावर घर चुकावं तशी. आकडाही छान, चारचा कोन धारदार.

गडबड नावात. नाव विनाइलचं, म्हणजे पातळ प्लास्टिकची अक्षरं कापून हीट प्रेसने चिकटवलेलं. त्यांच्या फॉन्टमध्ये चंद्रवाला ‘एस’ नव्हता. पहिल्यांदा नुसतंच नाव आलं. परत दिलं, तर चिन्ह घराच्या छपरासारखं उलटं बसवून आणलं. तिसऱ्यांदा मी शेजारी उभं राहून कागदावर काढून दिलं. त्या मुलाने तांदळाएवढा तुकडा कटरने कापला, चिमट्याने ठेवला, वरून प्रेस मारला. मेहनत खरी होती. पण एवढासा सुटा तुकडा किती टिकणार? तिसऱ्या धुण्यात चंद्र वॉशिंग मशीनमध्ये गेला आणि श्तिमात्सचा पुन्हा स्टिमॅक झाला. तक्रार केली तर मालक म्हणाले, नाव तर वाचता येतंय ना.

जर्सीचे ६५०, नाव-नंबरचे १५० वेगळे. पाचपैकी साडेतीन तारे, अर्धा त्या चिमट्यासाठी. साइज एक नंबर मोठी सांगा, खांद्यात आखूड शिवतात. आणि नाव विनाइलचं न घेता चौकटींबरोबर सब्लिमेशनमध्येच घाला म्हणून आधी बजावा; मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

चंद्र आता लेकीने कपड्यावरच्या मार्करने काढलाय. थोडा तिरका आहे.