श्रीलंका की नेपाळ: बाई बंदूक का उचलते?

तलावपाळीच्या कट्ट्यावर परवा वाद रंगला: बायका सशस्त्र बंडखोर संघटनांत का जातात? मैत्रीण म्हणाली, 'बायकांना ओढूनच नेतात गं.' मला ते अर्धंच पटलं, म्हणून दोन शेजारी देश समोर ठेवते.

श्रीलंकेत वाघांकडे, म्हणजे वेगळ्या तमीळ देशासाठी लढणाऱ्या एलटीटीई संघटनेकडे, गेलेल्या अनेक तमीळ मुलींच्या मागे १९८३ची तमीळविरोधी दंगल होती: जळलेली घरं, विस्थापन, सैनिकांकडून अब्रूवर हल्ला होण्याची भीती. छावणीतली बंदूक तिथे कवचासारखी वाटायची. ऑक्टोबर १९८७ मध्ये भारतीय शांतिसेनेशी लढताना मेलेली मालती ही त्यांची पहिली महिला शहीद मानली गेली. पण २००९ला संपलेल्या युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात घरटी एक जण अशी सक्तीची भरती झाली. इथे मैत्रीण बरोबर.

नेपाळमध्ये १९९६ला माओवादी युद्ध पेटलं, तेव्हा बऱ्याच मुलींची पहिली लढाई घरातच होती. लवकर लग्न, अर्धवट शाळा, वडिलोपार्जित जमिनीत वाटा नाही. संघटनेत गेलं की भावाइतकंच काम आणि मान मिळेल, असं सांगितलं जायचं. पोलिसांच्या छळाने, घरातलं कुणी मारलं गेल्यानेही पुष्कळ जणी गेल्या. शांतता करारानंतर संयुक्त राष्ट्रांनी पडताळलेल्या १९,६०२ लढवय्यांत ३,८४६ स्त्रिया होत्या, म्हणजे पाचांत जवळपास एक. एवढ्या सगळ्या ओढून आणलेल्या? मला नाही वाटत.

परतल्यावर मात्र दोन्हीकडे एकच प्रश्न: 'हिच्याशी लग्न कोण करणार?' हे ऐकून मैत्रीण पहिल्यांदाच गप्प झाली.