चुंबक चिकटलं नाही, म्हणून मी फसले

“बघा ताई, चिकटतंय का?” असं म्हणत भांडी बनवणाऱ्या गाळेवाल्याने चुंबक भांड्यावरून घसरवलं. नाही चिकटलं. “अस्सल फूड ग्रेड!” मी तिथेच ४५,००० रुपये आगाऊ दिले. साकीनाक्याचा एक गाळा, २०२४चा जून.

मी दादरला राहते, गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. घरगुती मोदकपात्रात थोडेच मोदक मावतात, वर झाकणाचं पाणी ठिबकून कळ्या बसतात. म्हणून तीन चाळण्यांचं, उतरत्या झाकणाचं, एका वेळी ६३ मोदक उकडणारं भांडं मी वहीत काढलं. ओळखीच्या बायका मागायला लागल्या, तेव्हा ४० नग करून विकायचं ठरवलं. नगाला १,८५० रुपये.

गाळेवाल्याला दिलेला कागद अजून माझ्याकडे आहे. चौदा मुद्दे. ‘उत्तम स्टील’, ‘पत्रा जाड’, ‘कड्या मजबूत’, ‘वाफ लवकर धरावी’, ‘चकाचक पॉलिश’, ‘झाकणावर नाव कोरलेलं’... सगळे एकाच पंक्तीला बसवलेले. एकाही ओळीत आकडा नाही, ६३ सोडला तर.

नमुना मात्र झकास होता. उचलायला दोन हात लागायचे. “मापं घ्यायला लागेल” म्हणून त्याने तो परत मागितला आणि मी दिला. काय म्हणावं आता स्वतःला!

ऑगस्टमध्ये माल आला. पॉलिश अशी की टिकली लावून घ्यावी. नावही सुरेख. भांडं एका हाताने उचललं गेलं, तर मला वाटलं सुटसुटीत झालंय. उरलेले २९,००० देऊन टाकले.

७ सप्टेंबरला गणपती बसले आणि दोन दिवसांत फोन सुरू झाले. तळ फुगून भांडं शेगडीवर डुगडुगतंय. कडी सुटली, उकळतं पाणी ओट्यावर सांडलं, नशीब कोणाच्या पायावर नाही. आणि प्रभादेवीच्या एका वहिनींनी फोटो पाठवला: वेल्डिंगच्या कडेने चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग. समुद्राची खारी हवा, त्यात उकडीचं मीठ.

एक भांडं घेऊन मी कीका स्ट्रीटला एका पत्रावाल्याकडे गेले. चुंबकाचं सांगितलं तर तो हसलाच. फूड ग्रेड म्हणतात ते ३०४ ग्रेडचं स्टील, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. स्वस्त २०० सीरिजमध्ये निकेल वाचवून मँगनीज घालतात, पण चुंबक त्यालाही धरत नाही. म्हणजे त्या खेळातून काहीच सिद्ध झालं नव्हतं. त्याने पत्र्याची जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला: ०.६ मिलिमीटर. पुढे लॅबमध्ये तुकडा दिला, निकेल एका टक्क्याच्या आसपास निघालं.

गाळेवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “ताई, कागदावर ३०४ कुठे लिहिलंय? जाड म्हणजे किती, तेही नाही. पॉलिश दिली, नाव दिलं.” बिलावर नुसतं ‘स्टील भांडी ४० नग’. वकिलांना विचारलं, तर माल पुन्हा विकायला घेतलेला, त्यामुळे ग्राहक मंचात बसत नाही. ७४,००० गेले, शिवाय बायकांचे पैसे परत केले ते वेगळे.

मला फसवणुकीपेक्षा त्याची हुशारी जास्त लागली. चौदांपैकी डोळ्यांना दिसणारं सगळं त्याने दिलं आणि न दिसणारं खाल्लं. कशाला आधी महत्त्व द्यायचं हे मी ठरवलं नव्हतं, ते त्याने ठरवलं.

पुढचा कागद लिहायला मला तीन रात्री लागल्या. प्रत्येक दोन मुद्दे समोरासमोर ठेवून स्वतःला विचारायचं, एकच मिळणार असेल तर कोणता? पॉलिश जवळजवळ प्रत्येक वेळी हरली. वर आलं ते स्टील: ग्रेड ३०४, मी निवडलेल्या नगाचा लॅब रिपोर्ट, खर्च माझा. मग पत्रा: तळ १.२ मिलिमीटर, बाकी ०.९च्या खाली नाही. वजन ५ किलोच्या खाली आलं तर माल परत. हा वजनकाटा फार कामाचा. स्टीलचा एक मिलिमीटर जाडीचा चौरस मीटर पत्रा साधारण ८ किलो भरतो, त्यामुळे पत्रा पातळ केला की काटा लगेच चुगली करतो. ‘कड्या मजबूत’च्या जागी आलं, १५ किलो वजन दहा मिनिटं टांगून कडी हलता कामा नये. ‘वाफ लवकर’च्या जागी, पाणी उकळल्यावर १५ मिनिटांत तिन्ही चाळण्यांतले मोदक शिजले पाहिजेत, वरच्या चाळणीतला फोडून बघणार.

दुसऱ्या कारागिराने कागद वाचून सरळ सांगितलं, “२,४०० लागतील.” मी खालून खोडत गेले. आरशासारखी पॉलिश गेली, कोरलेलं नाव गेलं. २,१५०वर जमलं. वरच्या चार ओळींना हात लावला नाही. नमुन्याच्या तळावर दोघांच्या सह्या कोरून घेतल्या, तो माझ्या कपाटात.

पहिल्या गाळेवाल्याचा परवा मेसेज आला, “ताई, यंदा किती नग?” मी नव्या कागदाचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर अजून नाही.