‘फार्मा सही दाम’: मेडिकलच्या काउंटरवर उघडावं असं सरकारी अ‍ॅप

सासूबाईंच्या गोळ्या आणायचं खातं आमच्याकडे माझं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, झालंच तर गुडघ्यांसाठी काहीतरी. त्यामुळे हे अ‍ॅप माझ्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या शेजारी असतं. अ‍ॅप आहे एनपीपीएचं, म्हणजे औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाचं. फुकट आहे. गोळीचं किंवा आतल्या औषधाचं नाव टाकलं की एमआरपी, सरकारी कमाल किंमत आणि तेच औषध विकणाऱ्या इतर कंपन्या दिसतात.

आधी एक सांगते, म्हणजे दुकानात उगाच वाद व्हायचा नाही. कमाल किंमत एका गोळीची असते. तुमची स्ट्रिप दहाची की पंधराची ते बघून गुणाकार करा आणि वर जीएसटी धरा. एवढं करूनही छापील किंमत जास्त निघाली तरच बोला. आमच्या वाडीतल्या एका काकांनी गुणाकार न करताच मेडिकलवाल्याला चोर ठरवलं होतं. तो बिचारा कॅल्क्युलेटर काढून समजावत बसला.

खरं तर छापील किमतीपेक्षा जास्त घेणारा दुकानदार क्वचितच भेटतो. मुद्दा छापील किमतीचाच आहे. २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार कमाल किंमत ठरते ती अशी: बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडचा दुकानदाराला पडणारा दर घ्यायचा, सरासरी काढायची, वर १६ टक्के दुकानदाराचा नफा. गोळी बनवायला किती खर्च आला, हा प्रश्नच त्यात नाही. बाजार महाग असेल तर सरासरीही महाग. म्हणून अ‍ॅपने ‘किंमत मर्यादेत आहे’ असं दाखवलं की मी समाधान मानत नाही, खाली सरकवून बाकीचे ब्रँड बघते. त्याच औषधाच्या, तितक्याच मिलिग्रॅमच्या गोळीच्या दरात केवढं अंतर असतं ते तिथे कळतं. माझ्या दृष्टीने अ‍ॅपची खरी किंमत त्या यादीत आहे.

आता गोम. ही कमाल मर्यादा फक्त सरकारच्या अत्यावश्यक यादीतल्या औषधांना. २०२२च्या यादीत ३८४ औषधं आहेत, तीही ठरावीक मात्रेतली. बाकीच्यांना कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत भाव वाढवू शकते. सासूबाईंचं टेल्मिसार्टन यादीत आहे. पण त्यांना लिहून दिलेल्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत अ‍ॅम्लोडिपिनही होतं. दोन्ही औषधं वेगवेगळी यादीत, एकत्र केली की यादीबाहेर! स्ट्रिप उलटी करून ब्रँडच्या खालची मुंगीएवढी अक्षरं वाचल्याशिवाय हे समजत नाही. आणि सुटी स्ट्रिप घेऊ नका. कात्री नेमकी किमतीवरून आणि एक्सपायरीवरून चालते.

नियंत्रण जिथे नीट बसलं तिथे फरक पडतो, हेही मान्य करायला हवं. फेब्रुवारी २०१७मध्ये हृदयाच्या स्टेंटला मर्यादा घातली: साधा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये. त्याआधी दुसऱ्या प्रकारच्या स्टेंटवर लाखाच्या वरची एमआरपी सर्रास असायची. तेव्हापासून स्टेंटचा आकडा बिलात वेगळा दाखवावा लागतो. माझ्या दिरांच्या बिलात तो वेगळा होता, मी बोट ठेवून तपासला. पण त्याच बिलात सिरिंज, हातमोजे, कॅथेटर अशी तीन पानं होती, आणि तिथे अ‍ॅप काय करणार? २०१८ साली एनपीपीएनेच दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तर काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला.

सरकारी दवाखान्यात हा प्रश्न यायलाच नको. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. तरी ‘हे बाहेरून आणा’ची चिठ्ठी हातात पडतेच, निदान आम्हाला पडली. अशा वेळी समोरच्या मेडिकलमध्ये शिरण्याआधी पायरीवर उभं राहून अ‍ॅप उघडा. जवळ जनऔषधी केंद्र असेल तर आधी तिथे जा. तिथल्या दरापुढे कमाल किंमतही श्रीमंती वाटते. मात्र तिथे ब्रँडचं नाव सांगून उपयोग नाही, औषधाचं नाव लागतं.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो यादीबाहेरच्या गोळ्यांसाठी आणि एक त्या सरासरीच्या हिशोबासाठी, जरी त्यात अ‍ॅप बनवणाऱ्यांचा दोष नाही.

डॉक्टरांना मी यादी दाखवली आणि एकत्र गोळीऐवजी दोन वेगळ्या चालतील का, असं विचारलं. त्यांनी मात्रा बघून लगेच लिहून दिल्या. बिल उतरलं. सासूबाई मात्र खूश नाहीत. “तुझे पैसे वाचतात म्हणून मी एकाच्या जागी दोन गिळायच्या होय गं?”