पांढरी दोनची टिन व्हिसल आणि आयरिश धुना: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

टिन व्हिसलवर, म्हणजे उभी धरून फुंकायच्या छोट्या आयरिश बासरीवर, पंधरा दिवसांत सप्तक निघतं. तेवढ्यावर खूश होऊन लगेच दुसरी, महागडी नळी मागवणारे बरेच असतात. पण वाजवलेली जिग (तीन-तीनच्या गटांतली आयरिश नाचाची धून) ऐकणाऱ्याला जिग वाटायला सहा महिने तरी जातात, आणि त्या सहा महिन्यांत नळीचा दोष फार थोडा असतो.

घ्यायची ती डी व्हिसल, म्हणजे सगळी भोकं बंद केल्यावर पांढरी दोन (पेटीवरची डी) वाजणारी. लांबी साधारण तीस सेंटिमीटर, भोकं सहा, अंगठ्याचं भोक नाही. आयर्लंडमध्ये फिडल (व्हायोलिन), बासरी, पाइप्स (मशकवाद्य) मुख्यतः डी आणि जी या पट्ट्यांत वाजवतात, त्यामुळे दुसऱ्या पट्टीची नळी घेतली तर मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर बहुधा वाजवता येत नाही. बासरीवाल्यांचा घोळ इथेच होतो. आपल्याकडे बासरीची पट्टी वरची तीन भोकं बंद करून येणाऱ्या 'सा'वरून सांगतात, व्हिसलची सहाही बंद करून. म्हणजे डी व्हिसल ही आपल्या हिशेबाने पांढरी पाचची बासरी झाली. जी पट्टीतल्या धुना त्यामुळे बोटांना लगेच ओळखीच्या वाटतात: तीन बंद सा, दोन बंद रे, एक बंद ग, सगळी उघडी तीव्र म. शुद्ध मध्यमासाठी मात्र अर्धं भोक दाबायचं नाही. पहिलं उघडं, दुसरं-तिसरं बंद, खालची तीन उघडी. द्रुत लयीत अर्ध्या भोकाला वेळच मिळत नाही.

ई-पासूनच्या (पांढरी तीन) धुना बऱ्याचदा काफीच्या स्वरांत असतात, ए-पासूनच्या (पांढरी सहा) खमाजच्या. थाट ओळखण्यापुरतं हे उपयोगी आहे. राग शोधत बसू नये, चलन वेगळंच निघतं.

दोन प्रकारच्या नळ्या आलटून पालटून वापरल्या. एक सरळ पितळी नळी, वर प्लास्टिकचं तोंड. दुसरी क्लार्कची, पत्रा गुंडाळून केलेली, खाली निमुळती होत जाणारी, तोंडात लाकडी ठोकळा. रॉबर्ट क्लार्क यांनी हा नमुना इंग्लंडमध्ये 1843 साली काढला आणि तो आजही जवळपास तसाच मिळतो. क्लार्कचा आवाज हवेशीर आणि मऊ, पण दम जास्त खाते. आठ मात्रांचं वाक्य एका श्वासात बसवायला सुरुवातीला जड जातं. पितळी नळी कमी फुंकेत बोलते, स्वर चोख, फक्त वरच्या सप्तकात कर्कश. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वरच्या बी-चा सराव दुपारी करावा.

स्वस्त पितळी नळ्यांत एकसारखेपणा नसतो. आमच्याकडे आलेल्या एकीचं (कंपनीचं नाव नको) खालचं डी जरा फुंक वाढली की वरच्या सप्तकात उडायचं. उपाय दोन, दोन्ही घरच्या घरी. तोंडाच्या खिडकीजवळ (आवाज जिथून निघतो ते तोंडावरचं चौकोनी छिद्र) साच्यातून राहिलेला प्लास्टिकचा बारीक काठ असतो, तो बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढायचा. खिडकीच्या पात्याची धार मात्र घासायची नाही. मग तोंड नळीपासून वेगळं करून आत पाहायचं. हवेच्या मार्गाच्या खाली एक पोकळी असते, ती भिंतीवर पोस्टर चिकटवायच्या पुटीने ठोकळ्याच्या कडेशी सपाट होईल इतकी भरायची. खालचे स्वर लगेच स्थिरावले. तोंड डिंकाने चिकटवलेलं असेल तर तेवढाच भाग कढत पाण्यात मिनिटभर धरून फिरवला की सुटतं. नंतर ते एक-दोन मिलिमीटर वर ओढून सूर उतरवता येतो, जो पेटीशी जुळवताना लागतोच. लाकडी ठोकळ्याच्या नळीला पाणी लावू नये, लाकूड फुगतं.

पाच-दहा मिनिटांत आवाज घोगरा होतो तो वाफेमुळे. गार नळीत गरम श्वास गेला की हवेच्या मार्गात थेंब साचतात. तोंडाची खिडकी बोटाने झाकून एक जोरदार फुंक मारावी. प्लास्टिकच्या तोंडात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब पाण्यात मिसळून सोडला आणि न पुसता वाळू दिला की थेंब धरत नाहीत, पाणी पसरून वाहून जातं. वाजवण्याआधी तोंड पाच मिनिटं मुठीत गरम केलं तरी निम्मा त्रास कमी.

खालचं ई किंवा डी किंचाळलं तर दोष बहुतेक वेळा वरच्या एखाद्या बोटाचा. सगळी भोकं पाच सेकंद घट्ट दाबून बोटं उचलावीत आणि पेरांवर उमटलेली वर्तुळं पाहावीत. जिथे वर्तुळ अर्धं, तिथे हवा गळते. बहुधा अनामिका, कुठल्या तरी एका हाताची.

आता धुना. सुरुवातीला 'द केश जिग' घ्यावी. प्रचलित वळणात तिच्यात मध्यम मुळीच येत नाही, त्यामुळे शुद्ध मध्यमाचं बोट न शिकता पूर्ण धून हाती लागते. जी-ला सा धरला तर सुरुवात अशी: सा–– सारेग, रे–– रेगप, धपप सांपप, धपग पगरे. प्रत्येक गट तीनचा (– म्हणजे आधीचाच स्वर आणखी एक मात्रा), दोन गटांचं एक माप. आठ मापांचा एक भाग, तो दोनदा, मग दुसरा भाग दोनदा. एकूण बत्तीस मापं, लगेच पुन्हा पहिल्यापासून. दादरा म्हणून मोजायला हरकत नाही, पण तिन्ही मात्रा सारख्या वाजवल्या तर धून कवायतीसारखी होते. गटातली पहिली जराशी लांब, दुसरी तितकीच आखूड. किती लांब, हे कागदावर मिळत नाही. शिकागोच्या पोलीसदलाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओ'नील यांनी 1903 साली 1850 धुना छापल्या, पण तो सांगाडा आहे. नुसत्या नोटेशनवरून बसवलेल्या चार जिग तिसऱ्या महिन्यात पूर्ण मोडून पुन्हा कानाने बसवाव्या लागल्या. आधी आठवडाभर नुसतं ऐकायचं, गुणगुणता आली की मगच नळी उचलायची. या क्रमाने एक धून साधारण दहा दिवस घेते, आणि ती विसरत नाही.

दम कुठे घ्यायचा हा खरा प्रश्न. आपली सवय वाक्य संपलं की श्वास घ्यायची. इथे ते चालत नाही. शेवटचा स्वर पुढच्या भागाच्या पहिल्या स्वराला जोडलेला असतो आणि खाली नाचणारा पाय थांबत नाही. म्हणून स्वर गाळून श्वास घेतात. मघाच्या 'सा––' मधली तिसरी मात्रा सोडून द्यायची, तिथे घ्यायचा. समेवरचा स्वर कधीच गाळायचा नाही. हे धून शिकतानाच ठरवून टाकावं, नाहीतर वेग वाढला की दम कुठेही तुटतो.

आपल्याकडच्या वादकांना सगळ्यात जास्त आडवी येणारी गोष्ट म्हणजे कण, मुख्य स्वराला लागून येणारा निसटता स्वर. कट हा अलंकार दिसतो कणासारखा: जी वाजताना डाव्या अनामिकेचं बोट क्षणभर उचलून परत टाकायचं. पण कणाचा स्वर ऐकू यावा लागतो, कटचा ऐकू आला तर चुकला. तो नुसता टिचका आहे, एकाच स्वराचे दोन तुकडे करणारा. शिवाय तो बरोबर मात्रेवर पडतो, मात्रेच्या आधी नाही. बोट दोन-तीन मिलिमीटरच उचलावं. उंच उचललं की हमखास उशीर. त्याच्या जोडीला टॅप: जी धरून उजव्या तर्जनीने चौथ्या भोकावर थाप मारून उसळू द्यायची. दोन्ही मिळून रोल होतो: जी, कट देऊन जी, टॅप देऊन जी, तीन मात्रांत तीन वेळा. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर, ठोक्याला एक जी, असा दोन आठवडे केला तेव्हा तो 'सा––' च्या जागी बसला. लयीत नसलेला रोल साध्या लांब स्वरापेक्षा वाईट वाटतो, तेव्हा घाई नको. खालच्या डी-वर टॅप होत नाही, कारण खाली भोकच उरत नाही. तिथे वेगवेगळ्या बोटांचे कट ओळीने देतात, त्याला क्रॅन म्हणतात. तो अजून नीट येत नाही.

जीभ कमी वापरावी. प्रत्येक स्वराला 'त' दिला की शाळेच्या बँडचा आवाज येतो. 'धपप' मधल्या दुसऱ्या 'प'ला हलका द्यावा, बाकी बोटांवर सोडावं. किती कमीत भागतं हे ऐकायचं तर क्लेअर परगण्यातल्या डूलिनचे व्हिसलवादक मिको रसेल (1915–1994) ऐकावेत; बोटांची सफाई ऐकायची तर व्हिसलवादक मेरी बर्गिन यांची 1979 ची तबकडी. दोघांची एकच धून मिळाली तर शेजारी ठेवून ऐकावी, एवढा फरक एकाच नळीत मावतो यावर विश्वास बसत नाही.

शुद्ध मध्यम, म्हणजे सी, बऱ्याच नळ्यांवर किंचित चढा लागतो. ट्यूनरचा काटा हलतो म्हणून कानस घेऊन भोकाकडे वळू नये. खालचं आणखी एखादं बोट टाकलं की तो उतरतो. आणि जुन्या वादकांची ध्वनिमुद्रणं लावली तर सी तिथेही काट्यावर नसतो. कित्येकदा तो शुद्ध आणि तीव्र यांच्या मधे कुठेतरी लावलेला असतो, आणि पुढच्या डी-कडे जाताना तोच बरोबर वाटतो.