ॲपची वर्गणी: वर्षाचं एकदम, ऑटोपे, की महिन्यापुरतं?

बेळगावच्या वडगावात आमच्या मावशीच्या घरी माग चालतात. साड्यांची मजुरी आठवड्याला हातात येते, मालाला उठाव नसला की तीही लांबते. मागच्या महिन्यात तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "बघ की रे, परत १९९ गेले." पोराच्या अभ्यासाचं ॲप कधीच काढून टाकलं होतं. ॲप काढलं की वर्गणी बंद होते, असं तिला वाटत होतं. तशी ती होत नाही.

वर्षाचं एकदम भरणं स्वस्त खरं, पण आकडे मांडून बघा. ॲमेझॉन प्राइम महिन्याला २९९, वर्षाला १४९९. पाच महिन्यांचेच १४९५ होतात. म्हणजे सहा महिने तरी नक्की बघणार असाल तर वर्षाचं घ्या. निपाणी-चिकोडीकडं उसाचं बिल एकरकमी जमा होतं, त्यांना हे झेपतं. सूत आणायच्या आठवड्यात मावशीला दीड हजार जड जातात.

ऑटोपे म्हणजे वर्गणीचे पैसे आपोआप कापायची एकदाच दिलेली परवानगी. त्यात लक्षात ठेवायला काही नाही, आणि तिथंच पैसे गळतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं. १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा पिन विचारला जात नाही. मेसेज येतो, पण इंग्रजीत. मावशीला मराठी येतं, बाजारापुरतं कन्नड येतं. तो मेसेज तिच्यासाठी न आल्यासारखाच. घरात मेसेज वाचणारं कुणी नसेल तर ऑटोपे ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

महागाचा दिसणारा तिसरा मार्ग मला अशा घरांसाठी सगळ्यांत बरा वाटतो: एक महिना घ्यायचा आणि त्याच दिवशी रद्द करायचा. नेटफ्लिक्ससारख्या सेवेत रद्द केल्यावरही भरलेला महिना पुरा बघता येतो. पुढं हवं तेव्हा परत घ्या. त्याआधी मोबाइलच्या रिचार्जमध्येच ते फुकट मिळतंय का, तेही बघा.

त्या दिवशी मावशीच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचं पान उघडलं, तर तीन नावं निघाली. आधी त्या-त्या सेवेत वर्गणी रद्द केली, मग इथली परवानगी काढली. दोन कायमची गेली. तिसरं मराठी मालिकांचं. ती रोज रात्री माग थांबल्यावर बघते. ते दिवाळीच्या हंगामात हातात पैसे आले की वर्षाचं घ्यायचं ठरलंय.