गॅलेना की डब्यूक?

मिसिसिपीच्या खोऱ्यात एका दिवसात एकच गाव बघायचं असेल, तर इलिनॉयमधलं गॅलेना की पलीकडच्या तीरावर, आयोवातलं डब्यूक? अंतर जेमतेम २५ किलोमीटर, आणि दोन्ही वाढली शिशाच्या खाणींवर.

गॅलेनाची वस्ती साडेतीन हजारांच्याही आत. एके काळी इथवर वाफेच्या बोटी यायच्या. मग गॅलेना नदी गाळानं भरली, व्यापार रेल्वेबरोबर गेला, आणि जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसाच उरला नाही. विटांची मेन स्ट्रीट शाबूत राहिली ती त्यामुळे! तिच्या टोकाचे पूर अडवणारे दरवाजे बघाच. अमेरिकन यादवी युद्धातले सेनानी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जनरल ग्रँट यांना १८६५ मध्ये गावकऱ्यांनी दिलेलं घरही इथलंच. दुकानं मात्र बहुतेक पर्यटकांसाठी.

डब्यूक साधारण ६० हजारांचं, कामाधंद्याचं शहर. दुपारचं जेवण आणि वामकुक्षी यांसाठी कड्यावरच्या घरी पटकन पोचता यावं म्हणून एका बँकवाल्यानं १८८२ मध्ये केबलनं ओढली जाणारी चिमुकली रेल्वे बांधली. आज तिचा मार्ग ९० मीटरांचा. वरून तीन राज्यं दिसतात. काठावर मिसिसिपीचं संग्रहालय आणि मत्स्यालय.

माझं मत डब्यूकला. गॅलेनातली नदी आता शोभेपुरती, इथे अजून मालाचे बार्ज जातात. फक्त हिवाळ्यात जाऊ नका, ती रेल्वे बंद असते.